चव्वेचाळीस पत्ते आणि एक सासूबाई

*ताई, एप्रिलच्या शेवटी आम्ही तिघं रोमला जातोय. मी, नवरा आणि सासूबाई. २७ एप्रिलला पोचतो, २ मेला परत. मागच्या वेळी ग्रुप टूरने युरोप केला, तेव्हा रोज संध्याकाळी बस इंडियन बुफेसमोर थांबायची. परत आल्यावर कुणी विचारलं, काय खाल्लंत तिकडे, तर आठवली ती पनीरची भाजी! म्हणून या वेळी आमचे आम्ही जातोय. सहा महिने रील्स बघून मी मोबाईलवर ४४ रेस्टॉरंटं जमवली आहेत. अडचण अशी की सासूबाई शाकाहारी आहेत (अंडं केकमधलं चालतं, ताटातलं नाही) आणि सात वाजता जेवतात. नवरा बीफ सोडून सगळं खातो, पण त्याचं म्हणणं, एवढी डोकेफोड करण्यापेक्षा स्टेशनजवळच्या इंडियन हॉटेलात जाऊ. कायम लक्षात राहील असं जेवण रोममध्ये शोधायचं तरी कसं?*
*— शुभदा, ठाणे (नाव बदललं आहे)*

शुभदाताई,

यादी पुसून टाका म्हटलं तर तुम्ही माझं सदर वाचणं सोडाल. सहा महिन्यांची मेहनत आहे. तेव्हा पुसू नका. त्यातली दोन नावं ठेवा, जी तुम्ही त्या दिवशी बघणार असाल त्या ठिकाणापासून चालत दहा मिनिटांवर आहेत अशी. उरलेली बेचाळीस नवऱ्याला दाखवूसुद्धा नका.

मी रोममध्ये अडीच वर्षं राहिले आणि पहिल्या दोन महिन्यांत मीही याद्या घेऊन फिरले. त्या शहरात यादी घेऊन फिरणं म्हणजे काळ्या चौकोनी दगडांच्या रस्त्यावरून घोटे दुखेपर्यंत चालणं, तासभर रांगेत उभं राहणं आणि शेवटी इतकं दमून टेबलावर बसणं, की समोर काय आलं ते कळूच नये. तुमच्याबरोबर तर सासूबाई आहेत आणि त्यांचे गुडघे आहेत. (गुडघ्यांबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण असणारच.)

माझ्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट सांगते. एका प्रसिद्ध चौकात, समोर कारंजं, दारात एक हसरा गृहस्थ, हातात पाच भाषांतलं फोटोवालं मेनूकार्ड. 'या, बसा, इंडिया? नमस्ते!' मी बसले. लझान्या मायक्रोवेव्हमधून आला होता, मधोमध अजून गार. त्यापेक्षा वाईट झालं ते मासा मागवला तेव्हा. कार्डावर आकडा बघितला, स्वस्त वाटला. तो आकडा एत्तोचा होता, म्हणजे शंभर ग्रॅमचा. मासा पाऊण किलोचा निघाला. बिल बघून जे पोटात गोळा आला, तो माशामुळे नव्हता. यातून एक नियम मी स्वतःपुरता केला: दारात उभं राहून जो बोलावतो, त्याच्याकडे जायचं नाही. पुढच्या अडीच वर्षांत हा नियम मोडायची वेळ आली नाही.

मग शोधायचं कसं? आपल्याकडे मांसाहारी घरांत सकाळी पहिला प्रश्न असतो, 'आज वार कुठला?' रोमन माणूस अगदी तसाच आहे. तिकडे म्हणच आहे: जोवेदी न्योक्की, वेनेर्दी पेशे, साबातो त्रिप्पा. गुरुवारी न्योक्की, म्हणजे बटाट्याचे उकडलेले छोटे गोळे, शुक्रवारी मासा, शनिवारी वजडी. शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून गुरुवारी पोटभर पिठाळ खाऊन घ्यायचं, असा त्यामागचा जुना हिशेब सांगतात. आजही साध्या त्रात्तोरियात, म्हणजे घरगुती खानावळीत, गुरुवारी दुपारी न्योक्की असतात आणि शेजारच्या टेबलावर बँकेतले कारकून तेच खात असतात. तुमच्या सहा दिवसांत गुरुवार कधी येतो बघा आणि ती दुपार राखून ठेवा. टोमॅटोच्या सॉसमधले न्योक्की सासूबाईंना चालतील. फक्त सॉस मांसाचा नाही ना आणि पिठात अंडं नाही ना, एवढं आधी विचारून घ्या.

वारानंतर ऋतू. तुम्ही नशीबवान आहात, एप्रिलअखेर म्हणजे रोमच्या भाज्यांचा सोहळा. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रात सासूबाई अडचणीच्या रकान्यात बसल्या आहेत, तिथून त्यांना उठवून आधी पाटावर बसवा. शाकाहारी माणूस बरोबर असला की तुम्हाला मेनूकार्डाचं शेवटाकडचं पान वाचावं लागतं, 'कोंतोर्नी' नावाचं, म्हणजे तोंडी लावायच्या भाज्यांचं. बहुतेक पर्यटक ते पान उघडतच नाहीत आणि रोमचं अर्धं मोठेपण तिथे असतं.

उदाहरण द्यायचं तर आर्टिचोक, तिकडचं कार्चोफो, भाजी म्हणून खायची एक मोठी, न उमललेली कळी. रोमजवळचा गोल, काटे नसलेला कार्चोफो साधारण फेब्रुवारी ते मे मिळतो, म्हणजे तुम्ही जाल तेव्हा हंगाम उताराला लागलेला, पण संपलेला नाही. तो दोन तऱ्हांनी करतात. 'आला रोमाना' म्हणजे पुदिन्याच्या जातीचा एक पाला आणि लसूण आत भरून, तेल-पाण्यात उलटा ठेवून मऊ शिजवलेला. 'आला जुदिया' म्हणजे ज्यू पद्धतीचा: पूर्ण कळी तेलात दोनदा तळतात, पाकळ्या उघडून सूर्यफुलासारख्या होतात, बाहेरच्या कुर्रकुर्र, आतला गाभा लोण्यासारखा. तो खायला जुन्या ज्यू वस्तीत जा, पोर्तिको द'ओत्ताव्हियाच्या रस्त्यावर. १५५५ साली पोपने ज्यूंना तिथे भिंतीआड कोंडलं; बंधनं पूर्ण सुटली ती १८७० साली. त्या कोंडलेल्या गल्ल्यांमधल्या स्वयंपाकातून आलेला हा पदार्थ आज रोमची शान म्हणून मिरवतो.

इथे तुमच्यासाठी एक खास गोष्ट आहे. कोशर, म्हणजे ज्यूंच्या खाण्यापिण्याच्या, नियमांत मांस आणि दूध एका स्वयंपाकघरात चालत नाही. म्हणून तिथली कोशर हॉटेलं दोन प्रकारची असतात, मांसाची किंवा दुधाची. दुधाच्या हॉटेलात शिरलात की त्या स्वयंपाकघरात मांस येतच नाही. चमचा वेगळा का, कढई वेगळी का, हे प्रश्नच मिटतात. मासा मात्र असू शकतो, तेवढं विचारा. आणि शुक्रवारी संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ ही हॉटेलं बंद असतात, हे विसरून शनिवारी दुपारी तिथे जाऊन उभ्या राहू नका. मी राहिले होते.

चिकोरियाबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. माझी आई तिकडे आली होती तेव्हा तिसऱ्या दिवशी तिचा चेहरा उतरला. पास्ता तिला 'कच्चा राहिलाय' असं वाटायचं. (सासूबाईंनाही वाटेल. 'बेन कोत्ता' म्हणा, म्हणजे नीट शिजवलेला. वाढपी भुवया उंचावेल, उंचावू दे.) त्या संध्याकाळी तेस्ताच्चो नावाच्या वस्तीतल्या एका लहानशा जागी मी 'चिकोरिया रिपास्साता' मागवली. कडवट हिरवा पाला, आधी उकडलेला, मग तेलात लसूण आणि सुकी मिरची टाकून परतलेला. आईने एक घास घेतला, मान वर केली आणि म्हणाली, 'अगं, यांना फोडणी येते!' पावाने ताटली पुसून खाल्ली, दुसरी मागवली. पास्ता त्या दिवशी खारट होता, खुर्ची डुगडुगत होती आणि शेजारचं टेबल मोठमोठ्याने भांडत होतं. दुसऱ्या दिवशी आईने स्वतःहून विचारलं, परत तिथेच जायचं का? गेलो. मालकाने आम्हाला बघितलं, काही न विचारता चिकोरिया आणून ठेवली आणि पाव जास्त आणला. आज अकरा वर्षं झाली. आईला कोलोसियम नीटसं आठवत नाही. तो माणूस आठवतो.

म्हणून माझा मुख्य सल्ला हाच आहे, बाकी सगळं वरचं-खालचं समजा. पाच संध्याकाळींत पाच हॉटेलं करू नका. पहिल्या दोन दिवसांत जिथे बरं वाटेल तिथे तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी परत जा. पहिल्या भेटीत तुम्ही टेबल नंबर सात असता. दुसऱ्या भेटीत 'त्या मासा न खाणाऱ्या आजी' होता आणि मग मेनूकार्डावर नसलेलं काहीतरी येतं, किंवा आज अमुक घेऊ नका असं कानात सांगितलं जातं. चाळीस पत्त्यांच्या मागे धावणाऱ्याला हे कधीच मिळत नाही, कारण तो सगळीकडे पहिल्यांदाच गेलेला असतो.

कुठल्या भागात बघायचं? राहायला तुम्ही तेर्मिनी स्टेशनजवळ असाल असं नवऱ्याच्या बोलण्यावरून वाटतं. तिथून मेट्रोची बी लाईन पकडून पिरामिदे स्टेशनला उतरा, की चालत तेस्ताच्चो. या वस्तीचं नाव ज्या टेकडीवरून पडलं ती टेकडी मातीची नाही, खापरांची आहे. प्राचीन रोममध्ये स्पेन आणि उत्तर आफ्रिकेतून जहाजांनी तेल यायचं, रिकामे रांजण परत वापरता येत नसत, म्हणून फोडून रचून ठेवायचे. रचता रचता पस्तीसेक मीटर उंची झाली. तिच्या पोटात कोरलेल्या काही हॉटेलांत भिंतीच्या काचेमागे ती खापरं दिसतात. शेजारी शहराचा जुना कत्तलखाना, १९७५ साली बंद झाला, आता तिथे प्रदर्शनं भरतात. कत्तलखान्यातल्या कामगारांना मजुरीचा भाग म्हणून आतडी, शेपटी, वजडी मिळायची आणि त्यांच्या बायकांनी त्यातून जो स्वयंपाक उभा केला त्याला 'क्विंतो क्वार्तो' म्हणतात, पाचवा चतुर्थांश. चांगले चार भाग श्रीमंतांना गेले, उरला तो पाचवा. नवऱ्याला हे ऐकून स्फुरण चढेल, पण त्याला सांगा: कोदा (शेपटी), त्रिप्पा (वजडी), पायाता (आतडी), हे तिन्ही गोवंशाचं. सालतिंबोक्का वासराचं. त्याने आबाक्क्यो मागवावं, कोवळ्या कोकराच्या चापा, हाताने खायच्या. नाव 'स्कोत्तादितो', म्हणजे बोटं पोळवणाऱ्या.

तेस्ताच्चोत झाकलेली मंडई आहे. सकाळी जा. कार्चोफी सोलत बसलेल्या भाजीवाल्याला 'चांगलं हॉटेल कुठलं' असं विचारू नका, तो चुलतभावाचं नाव सांगेल. विचारा, 'लेइ दोवे मांजा?' तुम्ही स्वतः कुठे जेवता? प्रश्न बदलला की उत्तर बदलतं. नेटवरचे अभिप्राय वाचायचेच असतील तर इटालियन भाषेतले, भाषांतर करून वाचा, आणि एक तारा देणाऱ्यांचे आधी वाचा. 'वाढपी हसला नाही', 'इंग्रजी मेनू नाही', 'व्हाइट सॉस पास्ता मिळाला नाही' अशा तक्रारी असतील तर निर्धास्त जा.

व्हाइट सॉस पास्ता खरंच मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. आपल्याकडे 'आल्फ्रेडो' म्हणून क्रीममध्ये बुडवलेलं जे देतात, त्याचं मूळ रोमचंच, आल्फ्रेदो दी लेलियो नावाच्या हॉटेलवाल्याचं; पण त्याच्या पास्त्यात लोणी आणि चीज, एवढंच. क्रीम अमेरिकेत घुसलं.

आता सासूबाईंचे सापळे. इटलीत 'मांस नाही' म्हटलं तरी अँकोव्ही नावाचा चिमुकला खारा मासा कुठेही लपलेला असतो. भोपळ्याच्या फुलांची भजी दिसली की तुम्हाला माहेर आठवेल. तिकडे त्या फुलात मोझरेल्लाबरोबर बहुतेक वेळा अँकोव्ही भरलेली असते. पुंतारेल्ले नावाच्या कोशिंबिरीच्या मसाल्यात तीच. सुप्प्ली म्हणजे भाताचे तळलेले गोळे, त्यात बऱ्याचदा खिमा. व्हिन्यारोला ही वसंतातली मिश्र भाजी, वाटाणा, बाकला (फावा बीन्स), कार्चोफो, वाचताना सात्त्विक वाटते, पण तिच्यात अनेकदा डुकराच्या गालाचे तुकडे असतात. त्या मांसाला 'ग्वान्चाले' म्हणतात. कार्बोनारा, आमात्रिचाना, ग्रिचा या तिन्ही पास्त्यांत ते असतंच. वाक्य पाठ करा: 'सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे, सेंत्सा आलीची.' मांस नको, मासा नको, अँकोव्ही नको. अंडं टाळायचं तर सुका पास्ता घ्या, स्पगेत्ती, पेन्ने, रिगातोनी. फेत्तुचिने आणि तोन्नारेल्ली बहुतेक अंड्याचे.

आणि एक नाजूक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत. पेकोरिनो रोमानो चीज कोकराच्या पोटातून काढलेल्या रेनेट नावाच्या विरजणाने विरजतात, पार्मिजानो वासराच्या. काचो ए पेपे हा वरकरणी शाकाहारी पास्ता पेकोरिनोवरच उभा आहे. हे सासूबाईंना सांगायचं की नाही? माझ्या ओळखीतले बरेच जण सांगत नाहीत. प्रवासात कुठे तो विषय, म्हणतात. मला ते पटत नाही. नियम त्यांचा आहे, तेव्हा कुठवर पाळायचा हेही त्यांनीच ठरवावं. ठाण्यात असतानाच सांगा, जेवायच्या ताटावर नको. 'चालेल' म्हणाल्या तर प्रश्न मिटला. 'नाही' म्हणाल्या तरी उपाशी राहणार नाहीत: आर्राब्ब्याता पास्ता, म्हणजे 'रागावलेला', लसूण-मिरची-टोमॅटोचा, वरून चीज नको म्हणायचं, पिझ्झा मारिनारा, ज्यात नावात समुद्र असला तरी मासा नाही आणि चीजही नाही, आणि ती चिकोरिया.

सात वाजता जेवणं ही अडचण आहे असं तुम्हाला वाटतं. रोमन माणूस साडेआठ-नऊला येतो. बरीचशी चांगली हॉटेलं साडेसातला दार उघडतात. तुम्ही उघडताक्षणी जाऊन बसा: जागा मिळते, वाढप्याला तुमच्याशी बोलायला वेळ असतो, सासूबाईंची औषधंही वेळेवर. तोवर पोटाला आधार म्हणून पाच-सहाला 'फोर्नो'त जा, म्हणजे बेकरीत. पिझ्झा मोठ्या ट्रेमध्ये असतो, हाताने दाखवायचं एवढा, तो कात्रीने कापतात आणि वजनावर पैसे. त्याच वेळी पूर्ण जेवण वाढणारं हॉटेल दिसलं तर ते तुमच्याआमच्यासाठी, म्हणजे पर्यटकांसाठी, उघडं आहे असं समजा. उन्हं तापली तर नदीकाठच्या टपरीवर ग्रात्ताकेक्का मागा. आपला बर्फाचा गोळाच, काडी नसलेला.

बिलाबद्दल थोडक्यात. मागितल्याशिवाय बिल आणत नाहीत, विसरले असं नाही, तुम्हाला उठवणं त्यांना असभ्य वाटतं. पावाचे एक-दोन युरो लागतील. पाव नको असेल तर परत पाठवता येतो. टीप सक्तीची नाही. पाणी हॉटेलात बाटलीचं विकत, पण रस्त्यात अडीच हजारांच्या आसपास सार्वजनिक नळ आहेत, चोवीस तास वाहणारे, पाणी उत्तम. बाटली भरत राहा.

१ मे हा कामगार दिन, बरंच काही बंद, बसही कमी. त्या दिवसाचं टेबल आधी फोन करून सांगून ठेवा, किंवा रोमन लोक करतात ते करा: आदल्या दिवशी मंडईतून कोवळा बाकला आणि पेकोरिनोचा तुकडा आणा आणि बागेत गवतावर बसून शेंगा सोलून कच्चेच दाणे खा. पहिल्या मेचा हा तिथला रिवाज. घरात कुणाला जी-सिक्स-पी-डी या रक्तातल्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असेल तर मात्र बाकल्याला हात लावू नका, तो त्यांना खरोखर घातक ठरू शकतो.

स्टेशनजवळच्या इंडियन हॉटेलाचं काय? एक रात्र जा की. चौथ्या दिवशी वरणभाताची आठवण येणं हा काही गुन्हा नाही, आणि नवऱ्याचं एक म्हणणं ऐकलं तर उरलेल्या चार रात्री तुमच्या.

मेतकूट, लोणचं, थालीपिठाची भाजणी बॅगेत घ्या. तूप मात्र नाही. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ प्रवाशाला आणता येत नाहीत, त्यात तूप आलं, पेढे आले, चितळ्यांची बाकरवडी तेवढी सुटली. तुपाची बरणी घरी ठेवायची आहे, हे सासूबाईंना तुम्ही सांगू नका. नवऱ्याला सांगायला लावा.